कोपराची उंची

आधी डायनिंग टेबल. कुकरच्या शिट्ट्या
मीटिंगला माझ्याआधी हजर.
मग गॅलरी: पाथर्डी फाट्याचे हॉर्न,
आणि दुपारी स्क्रीनवर फक्त माझंच तोंड.
मग पलंग. पंधरा दिवसांत मान गेली.

कॉलेज रोडला खुर्ची पाहिली, अठरा हजारांची.
बसले. उठले. घरी आले.

सासरे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त.
माझं काम नेमकं काय, कधी विचारलं नाही.
एका रविवारी स्टीलची टेप घेऊन आले,
"बस. हात ठेव, टाइप करतेस तसे."
जमिनीपासून कोपर: पंचवीस इंच, दोन सूत.
नणंदेच्या दहावीच्या टेबलाचे चारही पाय
कापले करवतीने,
लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
पुन्हा थोडे घासले.
लॅपटॉपखाली द्राक्षांची रिकामी पेटी.

मान आता बरी आहे.
परवा विचारलं, "लेथवर तुमचं कोपर
कोणी मोजलं होतं?"
"मशीन आधीच बसवलेलं होतं," म्हणाले,
"मी फळकुटावर उभा राहायचो."
पायजमा वर सरकलेला,
पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी.
बोटानं खटका दाबला.
टेप सुर्रकन आत गेली.