छातीपासून वर

बाब अल बहरीनच्या कमानीखाली आम्ही सात जण जमलो,
शुक्रवारची संध्याकाळ, गळ्यात कॅमेरे.
एसी गाडीतून उतरल्याबरोबर भिंगावर दव धरलं,
माझे पहिले तीन फोटो नुसत्या धुक्याचे.

रोमेल म्हणाला, आधी विचारायचं नाही.
विचारलंत की माणसाचा पुतळा होतो.
उजेड बघा, हात बघा, घ्या आणि पुढे व्हा.

मी मान हलवली.
आठवडाभर मी पुतळेच तर करते.
व्हिसाच्या मेडिकलला येतात, टोकन मुठीत धरून,
एक्स-रेच्या थंड पाटीला छाती लावतात.
शर्ट काढा. हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास रोखा. सोडा.
एवढंच मला सात भाषांत येतं
आणि त्या सातांत दुसरं काही येत नाही.

खुलूद इथलीच, बँकेतली. ती सांगत होती,
समुद्र एकेकाळी या कमानीपर्यंत यायचा.
आता त्याला भेटायचं तर टॅक्सी करावी लागते.
रोमेल म्हणाला, समुद्र राहू दे, तो न्हावी बघ.
न्हाव्याच्या आरशात आम्ही सातही जण होतो,
गिऱ्हाईक फेसाआडून आमच्याकडे बघत होतं.

मग दोरीला टांगलेल्या बॅगा, तीस किलोच्या,
गावी जाणाऱ्यांसाठी.
भर उकाड्यात रचलेली ब्लँकेटं, तीही गावी जाणाऱ्यांसाठी.
देवळाच्या बोळात विमानाने आलेली शेवंती
ओल्या फडक्याखाली, आपल्याकडच्यापेक्षा थोडी थकलेली.
मी घेतली एक माळ. फोटो घ्यायचा राहिला.

अत्तराच्या दुकानापाशी हातगाडी थांबली होती.
पाण्याचे खोके, वर गुंडाळलेला गालिचा,
आणि तो गमछाने मानेचा घाम पुसत होता,
काचेतला पिवळा उजेड नेमका त्याच्या कोपरावर.
घेतला. न विचारता.
रोमेलने मागूनच अंगठा दाखवला.

आवाज ऐकून तो वळला. मला वाटलं, आता चिडेल.
म्हणाला, आपा, असा नाही. नीट काढा.

नाव मोतालेब. गाव कुमिल्लाकडे.
बाटलीतलं पाणी केसांवर घेतलं,
खिशातून कंगवा काढला, अर्ध्या दातांचा.
पायाने गाडी मागे ढकलली.
ही नको यात. छातीपासून वर.
आणि गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं.
अकरा वर्षं मी माणसांना बटणं काढायलाच सांगत आलेय,
लावताना बघायला मी कधी थांबतच नाही,
तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो.

अत्तरवाल्या म्हाताऱ्याने आतला जास्तीचा दिवा लावला,
कुणी सांगितलं नव्हतं.

मी कॅमेरा उचलला
आणि त्याने हनुवटी वर केली,
खांदे पुढे आणले,
श्वास रोखला.

कुणी शिकवलं, हे विचारायची गरज नव्हती.
मी असेन, नाहीतर माझ्यासारखीच कुणी
शेजारच्या खोलीतली.

रोमेल कुजबुजला, मघाचाच चांगला होता.
होताच. मलाही कळत होतं.
मी बटण दाबलं.

आणि सोडा म्हणायचं विसरले.
तो तसाच उभा, डोळे ताणलेले,
गमछा मुठीत, मागून एक स्कूटर हॉर्न वाजवतेय.
मग आठवलं. छाडून, म्हटलं मी, श्वास, छाडून.
आपल्या सोडूनची लांबची बहीण.
तो इतका जोरात हसला
की माझं बोट पुन्हा दाबलं गेलं.

तीन फोटो. तिन्ही दाखवले.
पहिल्यात घाम आणि कोपर,
तिसऱ्यात दात, हललेले, कोपऱ्यात गाडीचं चाक.
दोन बोटांनी त्याने चाक मोठं केलं, पाहिलं, सोडून दिलं.
मधला पाठवा, म्हणाला. चांगला आलाय ना?

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
माझ्या फोटोंवर शिक्का पडतो, फिट किंवा अनफिट,
आणि ते फाइलीत जातात.

चांगला आलाय, म्हटलं.
नंबर घेतला, पाठवला. निळी खूण उमटेपर्यंत
तो गाडीसकट वळणापलीकडे गेला होता,
वाट द्या, वाट द्या, अरबीत ओरडत,
वरचं बटण अजून लावलेलंच.