दोन बाटल्या

जाताना बिन्यामिनकाकांनी चरईतलं घर रिकामं केलं,
टेबल विकलं, शिवणयंत्र चुलतबहिणीला दिलं
आणि ही चार फुटी टाकी
माझ्या गळ्यात.
सोबत एक वही. पहिल्याच पानावर:
"दोन्ही बाटल्या एकदम ओतू नकोस.
दुधासारखं पांढरं होतं. मग कुणाच्याच कामाचं नाही."

म्हणून सकाळी सोडा,
तोच, ढोकळ्याचा,
कढईत तासभर कोरडा परतून पाण्यात विरघळवलेला.
रात्री, भांडी घासून झाल्यावर, कॅल्शियम.
त्याची नवी बाटली कालवताना तळव्यात कोमट होत जाते,
ताप चढू लागलेल्या पोराच्या कपाळासारखी.

रविवारी थेंब मोजायचे.
क्षारतेच्या नळीत निळ्याचं गुलाबी होतं,
कॅल्शियमच्या नळीत गुलाबीचं निळं.
मोजताना बोलायचं नाही.
एकदा गॅसवाल्यानं बेल दाबली
आणि अठराव्या थेंबावरून मी पुन्हा पहिल्यावर.

खाडी इथून जवळच.
तिचं पाणी चालत नाही.
समुद्र बादलीत कालवावा लागतो,
मिठाच्या पुड्यातून, काट्यावर तोलून.

चाळिशीपर्यंत माझ्या अनामिकेत पोवळं होतं,
मंगळ शांत राहावा म्हणून.
राहिला शांत.
इतका, की दाराशी कुणी आलंच नाही.
अंगठी आता बटणांच्या डब्यात.
आणि इथे, जांभळ्या फांदीच्या टोकाला,
महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर.
मी काचेवर पट्टी धरून बघते,
डोळा मिटून, शिंप्यासारखी.

मावशीच्या दिवसांसाठी रोह्याला गेले, पाच दिवस.
परतले तर टोकं पांढरी,
क्षारता सहाच्याही खाली.
हात सरळ बाटलीकडे गेला.
वही, पान सोळा:
"घाई नको. दिवसाला एक अंश, बस.
तू घाबरलीस हे त्यांना कळता कामा नये."

ओतलं तेवढंच. झाकण लावलं.
पंपाचा आवाज ऐकत जमिनीवरच बसले,
प्रवासाची साडी तशीच.

रात्री अश्दोदहून फोन.
त्यांच्या खिडकीखाली सबंध समुद्र, फुकट.
कशी आहेस, नाही.
मावशी कशानं गेली, नाही.
"किती आहे?"
"पाच पॉइंट नऊ."
बराच वेळ तिकडचा नुसता वारा.
"मग उद्या सहा पॉइंट नऊ," ते म्हणाले.
"त्याहून जास्त नाही."