एक झटका म्हणजे ठीक

बाप पिंपं बांधायचा, सार्डिन मासळीची.
फळीला फळी अशी भिडवायचा
की कामारे बंदरात म्हणत,
गुल्वेनच्या पिंपातून खारं पाणी काय,
चहाडीसुद्धा बाहेर पडायची नाही.

एका हिवाळ्यात त्याच्या डोक्यात शिरलं :
पाणी आत ठेवता येतं,
तर बाहेरही ठेवता येईल.

आईचं तांब्याचं पातेलं गेलं झाकणाला,
माझ्या बुटांचं कातडं सांध्यांना,
आणि रश्शात पडायची ती मेंढीची चरबी
पंख्याच्या दांड्याला.
पाद्री म्हणाला, माशांच्या मुलखात माणसानं
बुडाल्याखेरीज जाऊ नये.
बापानं विचारलं, एका माणसाला तासाला हवा किती लागते,
हे तुमच्या पोथीत कुठे आहे का?

ब्रेस्टहून आरमाराचे तीन साहेब आले,
पांढऱ्या हातमोज्यांत.
मी तेरा वर्षांची. होडीत बसून दोरी धरलेली.
एक झटका : ठीक. दोन : ओढा.
पुढचं काही ठरलं नव्हतं.

अकराला झाकण बंद झालं.
आत बाप, मेणबत्ती, पिंजऱ्यात एक चिमणी.
वर पाणी असं सारखं झालं
की त्यानं कधी काही गिळलंच नाही.

एक झटका.
बऱ्याच वेळानं, एक.
साहेबांनी घड्याळं काढली, ठेवली, काढली.

मग दोरी गप्प.
सैल नव्हे, गप्प. ज्यानं दोरी धरलीय त्यालाच हा फरक कळेल.
काका म्हणाला, ओढू या.
मी म्हटलं, दोन आले नाहीत.
खरं तर हात बधिर झाले होते,
आले असते तरी कळलं नसतं.

आणि मग तीन. सावकाश.

वर आला तो निळ्या ओठांनी हसत.
मेणबत्ती विझलेली, चिमणी जिवंत.
साहेब जेवायला गेलेले.
त्यांच्या अहवालात एकच ओळ :
पाण्याखाली काही घडल्याचे दिसून आले नाही.

ते पिंप पुढे परसात उभं राहिलं.
पावसाचं पाणी साठायचं त्यात. कधी गळलं नाही.

तीन म्हणजे काय, हे मी फार उशिरा विचारलं,
तो अंथरुणाला खिळल्यावर.
म्हणाला, तळाशी एक खेकडा काचेपाशी आला गं,
आणि आत बघत राहिला.
कुणाला तरी सांगावंसं वाटलं.