पत्रकासाठी पाच ओळी

आयोजकांना परिचय हवा होता, पाच ओळींत,
पुरस्कार ठळक टाइपात.
बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
पुरस्कार खोडले, सगळे,
आणि दुभाष्या मुलीला म्हणाल्या, हे लिही:
उत्तरेकडचं बंदर, बंद पडलेला बर्फाचा कारखाना,
पहिलं नाटक, प्रेक्षक अकरा,
त्यातले दोघं चुकून आलेले.

तोकुनागा हारुए. वय एकसष्ट. नाटकं तेवीस.
बाराव्याला मंडळी फुटली.
तेराव्यापासून त्यांच्या नाटकात कुणी ओरडत नाही.
हे काही पाच ओळींत बसेना.

परळला कामगार केंद्राच्या हॉलवर तालीम,
खाली शिवणवर्ग, दुपारभर यंत्रांची घरघर.
मी प्रॉम्प्टर. एकोणतीस वर्षं विंगेत बसून
दुसऱ्यांच्या विसरण्यावर जगलेला माणूस.
या संहितेत जागोजागी कंसात आकडे:
चार सेकंद. सात सेकंद.
तांडेल म्हणाला, एवढ्यात पब्लिक
चहा पिऊन परत येईल हो.

तांडेल म्हणजे गोदीतला भिकाजी तांडेल,
माइकशिवाय बाल्कनी गाठणारा,
वाक्य संपायच्या आधी टाळी घेणारा.
त्याचे चार सेकंद दीडच भरायचे.
बाई स्टॉपवॉच बघायच्या, रागवायच्या नाहीत,
म्हणायच्या, "मो इचिदो." पुन्हा एकदा.
पंधराव्या दिवशी शिवणवर्गातल्या बायकाही
जिन्यातून ओरडू लागल्या: मो इचिदो, तांडेल!

पहिला प्रयोग.
लेक झालेली शर्वरी विचारते, "बाबा, जेवलात?"
तांडेल थांबतो.
चार.
सात.
माझ्या बोटाखाली त्याचं वाक्य, दोनच शब्दांचं:
हो, जेवलो.
हा थांबला नाहीये, विसरलाय.
माझे ओठ उघडले, सवयीने.
समोरच्या विंगेत बाईंनी
स्टॉपवॉच खिशात टाकलं.

मी ओठ मिटले.
पंख्याचा खडखडाट ऐकू आला.
तिसऱ्या रांगेत पर्सची चेन अर्ध्यावर थांबली.
तांडेलने झाकलेलं ताट उघडलं,
आत पाहिलं,
पुन्हा झाकलं.
"हो," एवढंच म्हणाला.

मागे आल्यावर माझी गचांडी धरली त्याने.
वाक्य का नाही दिलंस?
मी म्हटलं, पान उलटलं होतं चुकून.

पुढचे तिन्ही प्रयोग त्याने वाक्य चोख म्हटलं.
चार म्हणजे चार सेकंद, ना कमी ना जास्त.
बाई दर वेळी वाकून आभार मानायच्या,
स्टॉपवॉच हातात.