कंपूतल्या एक्स-रे खोलीत

सकाळी आल्यावर आधी एप्रन बघते.
शिशाचा, जड, दांडीला टांगलेला.
त्याची घडी घालायची नाही.
घडी घातली की आत चीर पडते,
बाहेरून कापड मात्र धड दिसतं.
हे मुळ्येमास्तरांनी शिकवलं.
त्यांच्या तरुणपणी अंधाऱ्या खोलीत
पडद्यासमोर स्वतःचाच हात धरून बघायचे
किरण येताहेत की नाही.
म्हातारपणी आधारच्या यंत्राने
त्यांची उजवी बोटं ओळखलीच नाहीत,
ठसेच उरले नव्हते.
मास्तर हसले होते: "यंत्राचा यंत्रावर राग असतो गं."

जानेवारी. किल्ला सकाळपासून धुक्यात गायब.
बाकावर नऊ जण.
एका आईला पोराच्या पायाचे तीन फोटो हवेत,
"पैसे भरते ना मी, तुम्ही काढा."
चिठ्ठीवर एकाच जागेचे दोन आहेत, दोनच काढते.
तिला वाटतं मी कामचुकार.
हिरव्या शालीतल्या मुलीला आत घेते, सासूला बाहेर बसवते,
हळूच विचारते, पाळी कधी आली होती?
ती बोटांवर मोजते,
मोजता मोजता थांबते.
मी कागद बाजूला ठेवते. "आज राहू दे.
आधी मॅडमना भेट. सासूबाईंना सांगते, मशीन बिघडलंय."
मशीन दिवसातून एकदा तरी असं बिघडतं.

नववे हरगोविंद कुशवाह, घाटीगावकडचे,
दगडाच्या खाणीतले.
वय अठ्ठेचाळीस, चाल सत्तरीची.
दारावरच्या पिवळ्या पाटीसमोर थबकले,
तिच्यातली तीन पाती बघत राहिले.
"बाईजी, अंदर कुछ रह तो नहीं जाता?"

नाही राहत, काका.
दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?
बटण सोडलं की संपलं.
छातीचा एक फोटो म्हणजे
आठ-दहा दिवसांत या जमिनीतून, आभाळातून
आपल्याला आपसूक मिळतं, साधारण तेवढंच.
"जमिनीतून? मग दगडातूनही?"
दगडातूनही. थोडंसं.
त्यांनी मान हलवली.
दगडाबद्दल त्यांना काहीही पटतं.

मग पिशवी उघडली. सहा वर्षांच्या फिल्मा,
गादीखाली ठेवून सपाट राखलेल्या.
सगळ्यात वरची तीन आठवड्यांपूर्वीची,
सरकारी दवाखान्यातली, स्वच्छ, पूर्ण श्वासात काढलेली.
मी डॉक्टरांना फोन लावला.
ते म्हणाले, हीच चालेल, नवी नको.

हरगोविंद खाली बघू लागले.
पहाटेची बस, कुडकुडत आलेले, आणि फोटोच नाही.
न काढलेला फोटो हाही इलाजच असतो,
हे बसभाडं भरलेल्या माणसाला
कसं सांगायचं, मला अजून जमलेलं नाही.

म्हणून दिव्याच्या पेटीवर सहाही लावल्या, वर्षवार.
पहिलीत वरच्या बाजूला चार-दोन ठिपके.
मग गारा पडल्यासारखे.
मग गारा एकमेकींत मिसळून
दोन्ही खांद्यांखाली पांढरे ढेकूळ.
सव्वीस वर्षं तोंडावर एक गमछा.
खाणीच्या वाटेवर पिवळी पाटी नव्हती,
भिंतीआड उभं राहून बटण दाबणारं कुणी नव्हतं,
दोन पावलं मागे सरका, चौथा हिस्साच लागेल,
असं सांगणारंही नव्हतं.
ते भीत होते ते माझ्या मशीनला.

त्यांनी फिल्मांकडे फारसं बघितलं नाही.
माझ्या कोटावरच्या बिल्ल्याकडे बोट केलं. हे काय?

मला किती लागलं, ते मोजतो.
तीन महिन्यांनी तपासायला जातो,
आकडा कागदावर येतो, नावानिशी.

ते वाकले. बिल्ला जवळून बघितला,
नाण्याची पारख करावी तसा,
बराच वेळ.
"धुळीचा असा बनलाय का?"

बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं.
मी पेटीचा दिवा घालवला,
फिल्मा एकावर एक रचल्या,
पिशवीची गाठ सैलच मारली.
म्हटलं, बसमध्ये आडव्या धरा, काका.
दुमडू देऊ नका.