इंटिपेरु

मी शाळेच्या दाखल्यांवर आडनावं लिहिते.
कन्ना चौकापासून चालत सात मिनिटं, पूर्वभागातली शाळा.
यंदा पहिलीत सहा गड्डम आले,
सहावीत दोघं, एकमेकांच्या नात्यातलेही नव्हेत,
आणि शिपाई, तोही गड्डम.
बाईंनी नुसतं गड्डम म्हटलं
की अर्धा वर्ग "हजर" म्हणतो.

बदलून आलेल्या हेडसरांनी विचारलं,
गड्डा ना? तो जानेवारीत भरतो तोच?
आम्ही हसलो. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच.
पाळणे नाहीत हो सर आमच्या आडनावात,
भेळेच्या गाड्या नाहीत.
तेलुगूत गड्डम म्हणजे दाढी. एवढंच.

आणि आमच्या घरात दाढी कुणालाच नव्हती.
आजोबा, राजमल्लू, गिरणीच्या भोंग्याआधी उठून
खिळ्याला टांगलेल्या आरशाच्या तुकड्यात
आधी उजवा गाल बघायचे, मग डावा.
सूत अडकतं दाढीत, म्हणायचे,
कापसाचा भुगा बसतो, मग खाज.

मग नाव कुठून आलं?
आजोबांचं म्हणणं, करीमनगरकडचा कुणी पूर्वज
नवस बोलला होता,
पहिलं लुगडं मागावरून उतरेपर्यंत वस्तरा लावणार नाही.
लुगडं उतरलं, दाढी राहून गेली.
अंबव्वा आत्या विडीला दोरा गुंडाळत म्हणायची,
नवस कसला बे, न्हाव्याची उधारी होती.
बाबांचं तिसरंच.
त्या माणसाला दाढी फुटतच नव्हती,
म्हणून गाव चिडवायचं.
जे नसतं तेच चिकटतं माणसाला, ते म्हणायचे,
आणि पुन्हा पंचिंगला बसायचे,
जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत.

मराठीत आडनाव. नावाच्या आड उभं राहतं ते.
तेलुगूत इंटिपेरु, घराचं नाव.
घर तर भाड्याचं होतं,
दत्तनगरात, दोन खोल्या आणि मधे माग.
घरमालकाचं नाव वेगळं,
वीजबिलावर तिसऱ्याच कुणाचं.

लग्नानंतर मी बिराजदार झाले.
बाबांनी रात्रपाळीत, मालकाला न विचारता,
माझ्या चादरीच्या काठात गड्डम विणलं,
लालावर पांढरं.
चादर उलटली की पांढऱ्यावर लाल,
आणि अक्षरं आरशातल्यासारखी, डावी-उजवी बदललेली.
सासूबाई म्हणाल्या, हे कुठल्या भाषेत आहे?
मी म्हटलं, दुसऱ्या बाजूच्या.

गेल्या वर्षी बाबा अकरा दिवस सिव्हिलमध्ये होते.
पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले
तर हनुवटीवर पांढरं काहीतरी.
आधी वाटलं कापूस.
सातव्या दिवशी डाव्या बाजूला दाट, उजवीकडे विरळ,
वाकडी, हट्टी.
नर्सनं दारातून हाक मारली, गड्डम कोण?
बाबांनी मास्क खाली ओढला,
दाढीवरून हात फिरवला,
म्हणाले, मी. आत्ता कुठं.

न्हावी वॉर्डात फिरायचा, वीस रुपयात करून द्यायचा.
त्याला दोनदा परत पाठवलं त्यांनी.
मला वाटलं, ठेवणार आता.
घरी आले आणि पहिल्यांदा आरसा मागितला,
तांब्यात गरम पाणी.
कशाला, म्हटलं, माग तर विकला की.
ते आधी उजवा गाल बघत होते.
सूत अडकतं, म्हणाले.

आज एक जण पोराचं नाव घालायला आलाय.
जुन्या कागदावर कुणीतरी गडम लिहिलंय.
विचारलं, तर म्हणतो,
कसंबी लिवा बाई, काय फरक पडूलालाय?
पोरगं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघतंय,
गुळगुळीत, पेनाची शाई लागलेली हनुवटी.

मी थांबते.
राहिलेला अर्धा ड आधी लिहिते,
मग बाकीचं.