कुजणारं कापड

वडगावात माझा माग. चाळीस वर्षं
टिकणारंच विणत आलो.
कारवारहून शेवंती हरिकंत्र फोनवर म्हणाली,
"मामा, मला कुजणारं पायजे.
पंधरा दिवसांत. जास्त टिकलं तर घोटाळा."

शिनाण्यांचं बी काथ्याच्या दोराला लावायचं,
वरून सुती पट्टी गुंडाळून शिवायची,
दोर काळी नदीच्या तोंडाशी सोडायचा,
गोडं पाणी खारं होतं तिथं.
शिंपले आपले धागे काढतात, दोर धरतात.
तोवर कापडानं निघून जायचं असतं.

सैल विणलं. खळ नाही, रंग नाही,
विणीतून बोट जाईल असं.
बायको म्हणाली, हे काय, कांद्याचं पोतं?

मे महिन्यात लोंढ्यावरून रात्रीच्या बसनं
ओलं गोणपाट आलं.
आत शिनाणे, हिरव्या काठाचे.
माझ्या पट्टीचा मागमूस नव्हता.
एकाच्या पोटाशी केसांसारखा झुबका.
ओढून बघितला. तुटेना.
सुताला धरतो तसा भिंगाखाली धरला,
पीळ कुठं सापडेना.

बायकोनं एव्हाना कोकमं भिजत घातलेली.
"सोडा की ते," म्हणाली,
"साफ करायचेत मला."